आधी श्वासाची वाट

रस्त्यात कुणी बेशुद्ध पडलं की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. कुणीतरी तोंडात पाणी घालतं आणि कुणीतरी डोक्याखाली टॉवेलची घडी सारतं. दोन्हींमागे मायाच असते. पण पाणी थेट श्वासनलिकेत जाऊ शकतं. आणि उशीने मान पुढे झुकली, की सैल पडलेली जीभ मागे सरून घसा बुजवते. छातीचा भाता हलत राहतो, हवा मात्र आत जात नाही.

ही गोष्ट प्रयोगाने सिद्ध केली मूळच्या व्हिएन्नाच्या पीटर सफार या भूलतज्ज्ञाने. तोवर श्वास थांबलेल्या माणसाला पालथं घालून पाठ दाबायची रीत होती. शेफर यांची पद्धत १९०३ची, होल्गर नील्सन यांची १९३२ची. प्रथमोपचाराचे वर्ग त्याच शिकवत. १९५६ साली सफार यांची गाठ जेम्स एलम यांच्याशी पडली. पोलिओच्या साथीत एलम यांनी रुग्णाला स्वतःच्या तोंडाने श्वास दिला होता, आणि आपण सोडलेल्या हवेवरही माणूस जगतो हे पुढे मोजून दाखवलं होतं. ते ऐकून सफार यांनी बाल्टिमोरच्या सरकारी रुग्णालयात एक धाडस केलं. डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून पुढे आले. त्यांना झोपेचं औषध देऊन त्यांचे स्नायू औषधाने पूर्ण लुळे केले, म्हणजे स्वतःहून श्वास घेणं अशक्य. मग साध्या, अप्रशिक्षित माणसांना त्यांना तोंडाने श्वास द्यायला सांगितलं. आज कुठलीही नीतिसमिती याला परवानगी देणार नाही. त्या स्वयंसेवकांचं ऋण मला फार मोठं वाटतं. प्रयोगात दिसलं ते असं: पाठ दाबून पुरेशी हवा जात नव्हती. डोकं मागे कलवून हनुवटी वर उचलली की वाट मोकळी होत होती.

त्याच शहरात, जॉन्स हॉपकिन्समध्ये, विद्युत अभियंता विल्यम कौवेनहोवेन आणि त्यांचे सहकारी हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्रावर काम करत होते. कुत्र्याच्या छातीवर यंत्राचे जड पत्रे दाबले की रक्तदाब क्षणभर वाढतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. छाती न उघडता हृदय दाबण्याची ही रीत १९६०मध्ये प्रसिद्ध झाली. सफार यांनी दोन्ही धागे जोडले: आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण. इंग्रजी आद्याक्षरांवरून हा क्रम ए-बी-सी म्हणून जगभर पाठ झाला.

१९६६ साली सफार यांची लहान मुलगी एलिझाबेथ दम्याच्या झटक्याने गेली. तिचं हृदय पुन्हा चालू झालं होतं, मेंदू वाचला नाही. त्यानंतर मदत पोचायच्या आधीची मिनिटं हाच त्यांचा ध्यास झाला. पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्टमधल्या कृष्णवर्णीय, अनेकदा बेरोजगार तरुणांना त्यांनी कसून शिकवलं. त्यातून उभी राहिलेली ‘फ्रीडम हाउस’ ही अमेरिकेतल्या पहिल्या प्रशिक्षित रुग्णवाहिका सेवांपैकी एक. तोवर तिथे आजाऱ्याला पोलिसांच्या गाडीत घालून नेत.

अपघाताच्या जखमींसाठी हा क्रम पक्का व्हायला आणखी एक दुःख कारण ठरलं. फेब्रुवारी १९७६मध्ये अस्थिशल्यचिकित्सक जेम्स स्टायनर यांचं छोटं विमान नेब्रास्कातल्या शेतात कोसळलं. पत्नी जागीच गेली. चारपैकी तीन मुलं गंभीर जखमी. गावातल्या रुग्णालयात मुलांवर झालेले उपचार पाहून ते हादरले. दोन वर्षांनी, १९७८मध्ये, त्यांनी सहकाऱ्यांसह ऑबर्न या गावी डॉक्टरांसाठी जखमींवरच्या उपचारांचा पहिला अभ्यासक्रम घेतला. त्याचा गाभा एवढाच: निदान नंतर, सर्वांत लवकर जीव घेणारी गोष्ट आधी. मोडलेला पाय कितीही भयंकर दिसो, डॉक्टरने प्रथम तोंडाशी वाकायचं. मानेला मार असण्याची शंका असेल तर डोकं न कलवता जबडा पुढे ओढायचा.

क्रम तेव्हापासून दोनदा हलला आहे. इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांत सैनिक रक्तस्रावाने मरताना पाहून ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी २००६मध्ये धो-धो वाहणारं रक्त थांबवणं श्वासमार्गाच्याही आधी घेतलं. आणि २०१०पासून, हृदय बंद पडलेल्या प्रौढाच्या बाबतीत छाती दाबणं पहिलं आलं, कारण तोंडाची तयारी करण्यात मोलाचे क्षण जात होते. श्वास चालू असलेल्या बेशुद्ध माणसाला मात्र मानेला मार नसेल तर आजही कुशीवर वळवतात, डोकं किंचित मागे, तोंड जमिनीकडे. आणि १०८ला फोन करून गाडी येईपर्यंत श्वासावर नजर ठेवतात.