तात्पर्याची शेपटी

चौथीपर्यंतच्या मुलांना गोष्टीची कोणती पुस्तकं द्यावीत असं कुणी विचारलं, की यादीत इसापनीती हमखास येते. कोल्ह्याची द्राक्षं आंबट ठरतात आणि खाली जाड ठशात 'तात्पर्य'. मुलांच्या गोष्टीला ही शेपटी कुठून लागली, आणि ती कुणी वागवली, कुणी छाटली?

इसापच्या गोष्टी मुळात मुलांसाठी नव्हत्याच. त्या भाषण करणाऱ्यांच्या उपयोगाच्या. पहिल्या शतकात फीड्रसने त्या लॅटिन पद्यात आणल्या, तेव्हा बोध पुष्कळदा गोष्टीच्या आधीच येई. कुठल्या प्रसंगाला कुठली गोष्ट लागू पडेल, हे वक्त्याला चटकन सापडावं म्हणून. आपल्या पंचतंत्रातही आधी श्लोक, मग ऐकणारा विचारतो 'हे कसं?', आणि मग गोष्ट. पण तिथे ऐकणारे राजपुत्र होते आणि विषय राजकारणाचा. मित्र कसा फोडावा हे त्यात जितक्या आवडीने सांगितलंय, तितकं आज प्राथमिक शाळेत सांगायला कुणी धजणार नाही.

इसाप मुलांच्या हाती देण्याची ठळक शिफारस केली ती इंग्लंडच्या जॉन लॉकने, १६९३ साली. लॉकची अपेक्षा माफक होती. मुलाला मजा वाटावी, पुस्तकात चित्रं असावीत, आणि तेच वाचून मोठ्या माणसालाही काही सुचावं. शेपटी लांबली ती पुढे. १७२२ साली सॅम्युअल क्रॉक्सलने काढलेल्या आवृत्तीत प्रत्येक गोष्टीमागे एक विवेचन जोडलं होतं, आणि ते बहुतेक वेळा गोष्टीपेक्षा मोठं. या सगळ्या प्रकाराला खरा आक्षेप घेतला रूसोने, १७६२ साली. कावळ्याची स्तुती करून त्याच्या चोचीतला घास पळवणाऱ्या कोल्ह्याची गोष्ट मुलांना सांगून पाहा, ती कोल्ह्याच्या बाजूने होतात, असं त्याचं म्हणणं. मला हे अगदी पटतं. फसलेला कावळा व्हायला कुणाला आवडेल?

मराठीत इसाप छापला गेला तो आधी तंजावरला. सर्फोजी राजे श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या हाताखाली शिकलेले. त्यांच्या छापखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात 'बालबोधमुक्तावली' निघाली. महाराष्ट्रात मात्र इसाप रुजला तो मुंबईच्या स्कूल बुक सोसायटीमुळे. एल्फिन्स्टनच्या काळात नव्या शाळा निघत होत्या आणि त्यांत वाचायला गद्य पुस्तकं नव्हती. सोसायटीचे नेटिव्ह सेक्रेटरी सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली एकदम दोन पुस्तकं दिली, 'इसापनीतिकथा' आणि 'बाळमित्र'. बाळमित्राचं मूळ फ्रेंच लेखक बेर्कँच्या पुस्तकात, आणि त्यातली पात्रं प्राणी नसून मुलंच. आज्ञाधारक मुलाचं भलं होतं, हट्टी मुलाची फजिती होते. इथे तात्पर्य वेगळं लिहायची गरजच नाही, ते कथानकात मुरलेलं.

गंमत अशी की याच छत्र्यांनी १८३० साली 'वेताळपंचविशी'ही मराठीत आणली, आणि तिची रीत नेमकी उलटी. गोष्टीच्या शेवटी उत्तर नाही, प्रश्न. माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, ही वर धमकी. विक्रम बोलतो, वेताळ निसटतो, पुढची गोष्ट सुरू. म्हणजे मराठी मुलाच्या हातात कोणती गोष्ट द्यायची याचे दोन रस्ते एकाच माणसाने, दोन वर्षांच्या अंतराने खुले केले होते. शाळेने पहिला निवडला.

तो पुढे शंभर वर्षं चालला. सरकारी शिक्षणखातं आलं आणि पुस्तक शाळांच्या लायब्रऱ्यांना व बक्षिसांना मंजूर असल्याचा शेरा मुखपृष्ठावर मिरवू लागलं. ज्याचा खप शाळांवर अवलंबून, त्या लेखकाने खोडकर मुलाला शेवटी शिक्षा न करता सोडायचं म्हणजे जोखीमच. विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध' मासिक १८८१ साली निघालं, वासुदेव गोविंद आपट्यांचं 'आनंद' १९०६ साली. दोन्ही नावं शेजारी ठेवली की वारं कुठून कुठे वळत होतं ते कळतं.

तात्पर्य सगळ्यात ताकदीने वापरलं ते साने गुरुजींनी. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. आंघोळ झालेला श्याम ओले तळवे मातीत भरू नयेत म्हणून आईला लुगड्याचे ओचे पसरायला लावतो. ती पसरते. तो पाऊल टेकून घरात जातो, आणि मग ती सांगते की पायाला जपतोस तसं मनालाही जप. बोध आहेच, पण आधी आईने लुगडं ओलं करून घेतलंय. क्रॉक्सलच्या पानभर विवेचनाला जे जमलं नाही ते इथे होतं, कारण सांगणाऱ्याने काहीतरी सोसलेलं असतं. पुढच्या कित्येक लेखकांनी यातलं रडू तेवढं उचललं.

छाटणी केली भा. रा. भागवतांनी. त्यांचा बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेला, किडकिडीत, सायकलवर सुसाट, तोंडाने 'ट्टॉक' करणारा. तो चोरांच्या मागे लागतो तो सद्गुणी म्हणून नव्हे. त्याला स्वस्थ बसवत नाही म्हणून. तिकडे १९५२ पासून मद्रासहून मराठी 'चांदोबा' यायला लागला आणि मागे पडलेला वेताळ दर महिन्याला घरी येऊ लागला. शंकर या चित्रकाराने काढलेला, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला विक्रम आठवत नाही असा त्या पिढीतला वाचक विरळा.

शाळेत मात्र तात्पर्याने जागा बदलली, इतकंच. ते धड्याखालच्या स्वाध्यायात जाऊन बसलं: या पाठातून तुम्हांला काय शिकायला मिळालं? पाच ओळींत लिहा.

माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर' आणि 'यश' या पुस्तकांपुढे हा प्रश्न लटका पडतो. राधाच्या घरात आई आहे, बाबा आहेत, आजी-आजोबा आहेत. ते आपापल्या कामात असतात आणि अधूनमधून चिडतातही. शिकवायला कुणी बसलेलं नाही. चित्रंही त्यांनीच काढलेली, त्यामुळे अजून अक्षरं न लागणाऱ्या मुलालाही पान वाचता येतं. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

आता शिफारशीचं मापही बदललंय. प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर बोधाऐवजी वाचनस्तर छापलेला असतो: एक म्हणजे नुकतं वाचू लागलेल्यांसाठी, चार म्हणजे सराईतांसाठी. शिक्षकांची यामुळे मोठी सोय झाली. पालकांनी मात्र त्याचीही परीक्षा करून ठेवलीय. पुस्तक प्रदर्शनात कान दिलात तर ऐकू येईल, 'आमचा दुसरीतच आहे, पण चौथ्या स्तराचं वाचतो!'