सेवाग्राममधील चित्रशिक्षण
ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने जो सात वर्षांचा अभ्यासक्रम आखला, त्यात चित्रकलेला स्वतंत्र स्थान होते. पहिल्या चार वर्षांत तिची सांगड वाचन व निसर्गविज्ञानाशी, आणि पुढील तीन वर्षांत हस्तोद्योगाशी, म्हणजे नक्षीकाम, सजावट व वस्तू घडवण्यापूर्वीचा आराखडा यांच्याशी घालावी, अशी समितीची सूचना होती. एका विषयाच्या अनुषंगाने दुसरा शिकवण्याच्या या रीतीला नई तालीममध्ये, म्हणजे गांधीजींच्या या शिक्षणपद्धतीत, ‘समवाय’ म्हणत. निसर्गातील आणि कलाकृतींतील सौंदर्य मुलाला ओळखता यावे, हेही उद्दिष्ट समितीने नोंदवले, पण त्यासाठी मुलांपुढे कोणती चित्रे ठेवावीत, हे ठरवणे शिक्षकाच्या दृष्टीवरच अवलंबून होते.

ही दृष्टी सेवाग्रामला, म्हणजे वर्ध्याजवळच्या गांधीजींच्या आश्रमातील शाळेला, शांतिनिकेतनातून मिळाली. ज्या हरिपुरा काँग्रेसने 1938 मध्ये या शिक्षणयोजनेला, म्हणजे वर्धा योजनेला, मान्यता दिली, तिच्याच मंडपांसाठी शांतिनिकेतनातील नंदलाल बोस यांनी ढोलवादक, सुतार, सूत कातणाऱ्या स्त्रिया असे ग्रामजीवन ठसठशीत रेषेत रंगवले होते. तरुणपणी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केलेल्या या चित्रकाराचे शिष्य देवी प्रसाद 1944 मध्ये सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि 1962 पर्यंत तेथे राहिले. अजिंठ्याचा वारसा असा बंगालचा वळसा घेऊन वर्ध्यात पोहोचला, असे म्हणता येते.

देवी प्रसाद यांनी मात्र हा वारसा मुलांना गिरवायला दिला नाही. समोरच्या नमुन्याबरहुकूम रेषा काढण्याची जी सवय शाळांतील ड्रॉइंगने मुलांच्या अंगी बाणवली होती, तिच्यामुळे मुलाची स्वतःची नजर मारली जाते, अशी त्यांची धारणा होती. आधी मुलाचे स्वतःचे चित्र, थोरांची चित्रे मागाहून. पाहण्यासारखे मात्र जवळपास पुष्कळ होते: सेवाग्राममधील गांधीजींच्या बापू कुटीच्या भिंतीवर त्यांच्या शिष्या मीराबेन यांनी मातीच्या उठावात घडवलेली ताडाची झाडे आणि चरखा, तसेच वर्ध्यात 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयातील ग्रामोद्योगांची अवजारे. या क्रमात कलेच्या इतिहासाची सनावळी मागे पडणे अटळ होते, आणि ही उणीव नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या काळच्या शाळेतील ड्रॉइंगच्या तासालाही ती सनावळी कोठे होती? सेवाग्रामच्या मुलांची चित्रे पुढे देवी प्रसाद यांच्या कलाशिक्षणावरील पुस्तकात छापली गेली, आणि शिक्षकांसाठी तीच अभ्याससामग्री ठरली.