श्रेयांकाची कुळकथा

नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यात पाळी करणारा मुलगा मुक्त विद्यापीठातून बी.ए.चं पहिलं वर्ष काढतो आणि पुढे शहरातल्या कॉलेजात इंग्रजी स्पेशल घ्यायचं म्हणतो. त्याच्या हातात असतात ते श्रेयांक, म्हणजे केलेल्या अभ्यासाचं मोजमाप. ते एका संस्थेतून उचलून दुसरीत नेता यावं ही कल्पना साधारण सव्वाशे वर्षांची आहे आणि तिचं एक मूळ प्राध्यापकांच्या पेन्शनमध्ये आहे.

पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीने १९०५ साली अमेरिकेतल्या कॉलेज प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. पैसा आला, पण ‘कॉलेज’ म्हणायचं कशाला? तेव्हा शाळा, अकादमी आणि कॉलेज यांच्या सीमा धूसर होत्या. म्हणून निधी सांभाळणाऱ्या संस्थेने अट घातली : शाळेत एक विषय वर्षभर सुमारे १२० तास शिकला की एक एकक, आणि अशी १४ एककं असणाऱ्यालाच प्रवेश देणारी संस्था ती कॉलेज. पेन्शन हवी म्हणून कॉलेजांनी हे माप स्वीकारलं. ज्ञान तासांत मोजायची सवय तिथून पक्की झाली.

दुसरं मूळ इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावचं. तिथे १९०१ मध्ये हायस्कूलच्याच इमारतीत सहा विद्यार्थ्यांना कॉलेजची पहिली दोन वर्षं शिकवायला सुरुवात झाली. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचा त्याला पाठिंबा होता. घरी राहून दोन वर्षं शिकायचं, मग विद्यापीठात जायचं. आजच्या कम्युनिटी कॉलेजचा हा पूर्वज. पण आधीची दोन वर्षं पुढच्या संस्थेने मान्य केली तरच या वाटेला अर्थ होता.

पुढे ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ पासून पूर्वशिक्षणाची अट न घालता विद्यार्थी घेतले आणि श्रेयांक साठवत पदवीपर्यंत जाऊ दिलं. भारतात हैदराबादला १९८२ मध्ये, दिल्लीत १९८५ मध्ये आणि नाशिकला १ जुलै १९८९ रोजी अशी विद्यापीठं उभी राहिली. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले. ते आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, म्हणजे नेहमीच्या कॉलेजांची चौकट त्यांना आतून ठाऊक होती. गंगापूर धरणाजवळ गोवर्धनला मुख्यालय आणि गावोगावच्या कॉलेजांत अभ्यासकेंद्रं. बारावी न झालेल्यांसाठी ‘पूर्वतयारी’ हा शिक्षणक्रम. शेतकरी, कामगार, लग्नानंतर शाळा सुटलेल्या बायका या दाराने आत आल्या. माझ्या मते नाशिकने महाराष्ट्राला दिलेल्या मोठ्या गोष्टींत पूर्वतयारीची गणना व्हायला हवी.

इथे मापाचा मालकही बदलला. वर्गातल्या शिकवण्यात साधारण १५ तासांच्या व्याख्यानांना एक श्रेयांक. मुक्त शिक्षणात तो साधारण ३० तासांचा, पण त्यात सुटीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावरच्या समंत्रकाकडे (मार्गदर्शक शिक्षकाकडे) बसणं, गृहपाठ लिहिणं, पुस्तकातले प्रश्न सोडवणं सगळं धरलं जातं. रात्रपाळीनंतर जेवणाच्या टेबलावर पुस्तक उघडून बसणाऱ्याचा तासही तास ठरला. पेन्शनसाठी जन्मलेल्या मापाने विद्यार्थ्याची बाजू घेतली ती इथे.

स्थलांतराच्या वेळी मात्र आकडा पुरत नाही. इंग्रजीत हे फार जाणवतं. पुणे विद्यापीठाच्या जुन्या रचनेत एफवायला सक्तीचं इंग्रजी सगळ्यांनाच, पण स्पेशलकडे जाणारी वाट होती ऐच्छिक ‘जनरल’ पेपरची. तो न घेता आलेल्याला एसवायला स्पेशल मागताना अडचण. तेवढेच श्रेयांक संवादकौशल्याचे असतात आणि तेवढेच कविता-नाटकाचे. आकडा सारखा, वाचलेलं वेगळं. नाशिकच्या ज्या एचपीटी कॉलेजात वसंत कानेटकरांनी इंग्रजी शिकवलं आणि कुसुमाग्रज शिकले, त्याच्या शहरात इंग्रजी स्पेशल घेणाऱ्याने शेक्सपिअर वाचलेला असावा ही अपेक्षा रास्तच आहे. पण ज्याच्या अभ्यासात तो नव्हता त्याला दारातून परत पाठवण्यापेक्षा एखादा जोडपेपर द्यावा.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ मध्ये श्रेयांकांची राष्ट्रीय बँक सुरू झाली. त्यातले श्रेयांक कमाल सात वर्षं टिकतात, आणि पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात. म्हणजे बँक साठवते, पण घ्यायचं की नाही हे शेवटी पुढची संस्था ठरवते.

म्हणून वाट बदलणाऱ्याला एकच विनंती. गुणपत्रिका, स्थलांतर प्रमाणपत्र आणि गॅप सर्टिफिकेट सगळेच जपतात, पण ज्या वर्षी शिकलात त्या वर्षीचा अभ्यासक्रम, घटकांसकट, जपून ठेवा. आणि प्रवेश अर्ज भरण्याआधी इंग्रजी विभागप्रमुखांना तो दाखवून समतुल्यता लेखी मागा. तोंडी होकारावर आधीचा प्रवेश रद्द करू नका.