चेक इंजिनचा दिवा पेटतो कुणासाठी?

पिकअप सिग्नलला उभा आहे. इंजिन थरथरतंय, आणि गचकन बंद! मेकॅनिक स्कॅनर लावतो, कोड येतो पी०३०२. म्हणजे दोन नंबरचा सिलेंडर मिसफायर करतोय. पण हा कोड मुळात आला कुठून?

लॉस एंजेलिसच्या धुरक्यातून. शहरावरचं ते धुरकं गाड्यांच्या धुरावर ऊन पडून तयार होतं, हे १९५०च्या दशकात आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं. पुढे कॅलिफोर्नियाने १९८८च्या मॉडेलपासून गाडीला स्वतःची तपासणी करायला लावली. १९९६पासून ओबीडी-२ अख्ख्या अमेरिकेत सक्तीचं झालं, कारना आणि पिकअपनाही.

मिसफायरवर एवढी नजर का? न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि तो जळून निकामी होतो. म्हणून कॉम्प्युटर क्रँकशाफ्टचा वेग मोजत राहतो. एक ठोका चुकला की वेग किंचित पडतो.

थोडक्यात, हा दिवा आधी हवेसाठी होता, मेकॅनिकसाठी नंतर. तो ‘कुठे’ सांगतो, ‘का’ नाही. आपल्या एरर लॉगसारखंच! प्लग, कॉइल, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, काहीही असू शकतं. मग जुनी युक्ती: दोन आणि तीन नंबरच्या कॉइल अदलाबदल करा. कोड पी०३०३ झाला? चोर सापडला, कॉइलच! नाही झाला? शोध चालू ठेवा.

फक्त एक करू नका. कोड पुसून गाडी परत घेऊ नका. दिवा विझतो, बिघाड तिथेच असतो.