सेलफिशचा ब्राउझर : एका पाठलागाचा इतिहास

इंटरनेटवरील पान डोळ्यांस दिसतें तें ब्राउझरच्या पोटांतील इंजिनामुळें. हें इंजिन जुनें झालें कीं नवीं पानें नीट उमटत नाहींत आणि चोरवाटा उघड्या राहतात. बलाढ्य कंपन्यांस पेलणारें हें ओझें लहानांस किती जड जातें, याचें उदाहरण फिनलंडमध्यें सांपडतें.

फेब्रुवारी २०११ मध्यें नोकियानें मायक्रोसॉफ्टशीं हातमिळवणी केली आणि मीगो प्रणाली बाजूस सारली. तेथून बाहेर पडलेल्या कांहीं मंडळींनीं त्याच वर्षीं योल्ला ही कंपनी काढली. सेलफिश प्रणालीवर चालणारा त्यांचा पहिला फोन २०१३ च्या अखेरीस बाजारांत आला. नवें इंजिन घडविण्याइतकें बळ पदरीं नव्हतें. म्हणून मोझिला या संस्थेचें गेको हें सर्वांस खुलें असलेलें इंजिन त्यांनीं पत्करलें. परंतु इतरांच्या ब्राउझरांत गेको बसविण्यास मिळणारें साहाय्य मोझिलानें २०११ मध्येंच थांबविलें होतें.

त्यामुळें प्रत्येक मोठ्या बदलाच्या वेळीं योल्लास आपल्या दुरुस्त्या नव्या इंजिनाशीं पुन्हां जुळवून घ्याव्या लागल्या. इकडे मोझिलानें २०२० मध्यें दर चार आठवड्यांनीं नवी आवृत्ती काढण्याचा परिपाठ घातला. त्या वर्षींची ७८ वी आवृत्ती सेलफिशवर २०२२ मध्यें पोहोंचली. २०२१ मधील ९१ व्या आवृत्तीस तर त्याहूनही अधिक काळ लागला.

खुल्या इंजिनामुळें लहान प्रणालीस जन्म घेतां आला, हें खरें. परंतु तिच्या स्वातंत्र्याचें मोल प्रत्येक आवृत्तीगणिक नव्यानें चुकवावें लागलें.