रुग्णपोषणाचा मार्ग : एका वादाचा इतिहास

ज्यास मुखाने अन्न घेता येत नाही अशा अत्यवस्थ रुग्णाचे पोषण कोणत्या मार्गाने करावे, हा वैद्यकातील जुना प्रश्न होय. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड गोळी लागून अंथरुणास खिळले असता त्यांस पोषक द्रव्यांची बस्ती देण्यात येत असे. परंतु मोठे आतडे प्रामुख्याने पाणी व क्षार शोषते, न पचलेली प्रथिने नव्हे. रुग्ण कृश होत गेला व दगावला.

१९६८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डड्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की, हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत नळी घालून सर्व पोषण दिल्यास कुत्र्याची पिल्ले तोंडाने काहीही न खाता वाढतात. लहान शिरेस दाहक ठरणारे दाट द्रावण मोठ्या शिरेतील रक्तप्रवाहात तत्काळ विरळ होते, हे त्यातील मर्म होय.

आता दोन मार्ग झाले व वादास तोंड फुटले. नाकातून जठरात सोडलेली नळी स्वस्त. परंतु तीवाटे ठरलेली मात्रा पुष्कळदा पोचत नाही. शिरेवाटे ती पोचते. परंतु जंतुसंसर्गाचे भय असते. १९९२ मध्ये कड्स्क ह्यांनी पोटास इजा झालेल्या रुग्णांत आतड्यावाटे पोषणाने संसर्ग कमी होतात असे दाखविले आणि पारडे तिकडे झुकले.

तथापि २०१४ मध्ये इंग्लंडमधील सुमारे २४०० रुग्णांच्या तुलनेत ३० दिवसांतील मृत्युप्रमाण शिरेवाटे ३३.१ टक्के व आतड्यावाटे ३४.२ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच आढळले. हा विरोध कसा उलगडावा? जुन्या अनेक तुलनांत शिरेवाटे पोषण घेणाऱ्यांस उष्मांकही अधिक मिळत. इंग्लंडमध्ये ते दोन्ही गटांस साधारण समान मिळाले. शिवाय बेल्जममध्ये २०११ साली ४६४० रुग्णांवर झालेल्या प्रयोगात, नळीवाटे कमी पडणारी मात्रा शिरेवाटे ४८ तासांच्या आत भरून काढलेल्यांत संसर्गाचे प्रमाण २६.२ टक्के, तर आठव्या दिवसापर्यंत थांबलेल्यांत २२.८ टक्के होते.

सारांश, मार्गाच्या माथी मारलेल्या दोषाचा काही अंश तरी मात्रेचा व घाईचा असावा. म्हणून दोन मार्गांची तुलना वाचताना मात्रा व काल समान होते काय, हे अभ्यासकाने प्रथम पाहावे. रुग्णास अधिक अन्न म्हणजे अधिक उपकार, ही सहृदय समजूतही पुराव्यावाचून स्वीकारता येत नाही.