अंथरुणाची आज्ञा

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरांत बाजार, शेत, नातलगाचे घर, सारे पायांनीच गाठावे लागते. अशा चालत्या माणसाला हृदयविकाराचा झटका येतो. उपचार होऊन तो घरी परततो आणि मग उंबरठा ओलांडायलाही धजत नाही. आजाऱ्यांच्या भेटीला गेलो की खाटेवर बसून राहिलेला घरचा कर्ता आणि ‘उठू नका, त्रास होईल’ असे मायेने विनवणारी माणसे मला अनेकदा दिसतात. ही भीती केवळ त्याच्या मनाची दुर्बलता आहे काय? इतिहास वेगळे सांगतो. ही भीती एके काळी वैद्यकानेच शिकविली होती.

तत्पूर्वीची एक नोंद मात्र उलट आहे. छातीतील या वेदनेचे नेमके वर्णन करणारे इंग्रज वैद्य विल्यम हेबर्डन यांच्या 1802 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एका रुग्णाचा उल्लेख आढळतो. तो रोज अर्धा तास लाकूड कापी आणि त्याची व्यथा जवळजवळ नाहीशी झाली होती. पुढे ही नोंद विस्मरणात गेली.

1912 साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी हृदयाची रक्तवाहिनी अकस्मात बंद झाल्यावर दिसणारी लक्षणे मांडली आणि पूर्ण विश्रांतीवर भर दिला. हृदयाच्या स्नायूवरील जखम भरून यायला सुमारे सहा आठवडे लागतात, असे 1939 च्या एका अभ्यासात दिसले. मग सहा आठवडे अंथरूण हा जणू नियमच झाला. रुग्णाला भरवायचे, पुसून काढायचे, कूसही जपून बदलायची. हेतू चांगला होता. परंतु पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होत, त्या फुप्फुसात जाऊन काहींचा प्राण घेत.

1952 साली बोस्टनचे डॉ. सॅम्युएल लिव्हाइन व डॉ. बर्नार्ड लाऊन यांनी 81 रुग्णांना लवकरच खुर्चीत बसविल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. सहकाऱ्यांना हे धाडस भयंकर वाटले होते. पण रुग्ण सावरले. पुढच्याच वर्षी लंडनच्या डॉ. जेरेमी मॉरिस यांनी दाखविले की दुमजली बसचे जिने दिवसभर चढणाऱ्या वाहकांना, बसून काम करणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होतो.

1966 साली अमेरिकेतील डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवण्यात आले. तीस वर्षांनी त्यांचीच पुन्हा तपासणी झाली, तेव्हा दिसले की तीस वर्षांच्या वयाने श्रम करण्याची त्यांची शक्ती जितकी घटली नव्हती, तितकी त्या तीन आठवड्यांनी घटविली होती. निरोगी तरुणांची ही गत, तर आजाऱ्याची काय होत असेल?

आपल्या देशातही 24 रुग्णालयांतील 3,959 हृदयरुग्णांना योगावर आधारित पुनर्वसन देऊन अभ्यास झाला. 2020 च्या त्याच्या निष्कर्षात, पुन्हा झटका येण्याच्या वा मृत्यूच्या प्रमाणात निश्चित फरक दिसला नाही. परंतु योग करणाऱ्यांना आपली प्रकृती अधिक बरी वाटली आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात वळले.

तात्पर्य, वैद्यकाने आपली आज्ञा मागे घेतली; घराघरांत मात्र ती अजून पाळली जाते. याचा अर्थ रुग्णाने उठून डोंगर चढावा असा नव्हे. झटक्यानंतर किती चालावे, कोणत्या गतीने, हे डॉक्टरांनी ठरवावे. छातीत दुखले, दम कोंडला वा भोवळ आली तर तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. पण डॉक्टरांनी चालायला सांगितलेल्या माणसाला प्रेमापोटी खाटेवर बसवून ठेवणे ही सेवा नव्हे. त्याला एकट्याने भीती वाटते ना? मग घरच्या कुणीतरी पायांत चपला घालाव्यात आणि त्याच्यासोबत फाट्यापर्यंत जाऊन यावे.